गल्ली नंबर सात, बारा ते बावन्न

कमलमावशीचा फोन आला तेव्हा मी आधीच कावलेली होते. अंधेरीला मरोळच्या एका गल्लीत आमचं ऑफिस. त्या दिवशी एसी बंद, आणि निलेश, म्हणजे आमचा मालक, प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून 'झालं का, झालं का' करत होता. कामाच्या वेळी मावशीचा फोन आला की मी सहसा कट करते आणि जेवणाच्या सुट्टीत लावते. त्या दिवशी का कोण जाणे, उचलला.

ती म्हणाली, पात्र लोकांची यादी लागलीय, विहाराच्या भिंतीवर. सगळ्यांनी बघितली. तिनेही बोट फिरवत फिरवत दोनदा बघितली. तिचं नाव नाही.

"तू कॉम्प्युटरवाली ना गं सपे," ती म्हणाली. "बघ की जरा, आत कुठं अडकलंय का."

मी हसले. खरंच हसले. तिला म्हटलं, अगं, ती यादी आमच्याच ऑफिसातून गेलीय, मी स्वतः केलीय, तुझं नाव नसेल कसं, तू नीट बघितली नसशील. आणि फोन ठेवला. ते बोलणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. दिंडोशीच्या मागे, जुन्या खाणीच्या कडेला खडीमाळ नावाची वस्ती आहे, माझा जन्म तिथला. गल्ली नंबर सात, खोली त्रेपन्न. आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, बाप छापखान्यात बाइंडर. शाळा सुटली की मी थेट बारा नंबरात, कमलमावशीकडे. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा कुंडलिक रंगकामाला जायचा. आई कामावरून येईपर्यंत मी मावशीकडेच जेवायचे, तिच्याकडेच झोपायचे, मला गोवर आला तोही तिच्याच घरात गेला. मी चौथीत होते तेव्हा तिला सही करायला शिकवली, कारण रेशनच्या दुकानात अंगठा देताना तिला लाज वाटायची. 'क'ची काठी तिची नेहमी वाकडी यायची. मी शाळेतल्या बाईंसारखी पट्टी घेऊन ओरडायचे आणि ती निमूटपणे पुन्हा काढायची.

मी चौदा वर्षांची असताना आम्ही बोरिवलीला राहायला गेलो. लोक अशा वेळी जुनी खोली भाड्याने लावतात, नाही तर परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. माझा बाप, भिकाजी वाघमारे, त्यातला नव्हता. माणसाचं नाव दोन ठिकाणी असू नये म्हणाला, आणि स्वतः सरकारी ऑफिसात जाऊन खडीमाळच्या वहीतली आमची नोंद रद्द करून आला. खोली बालवाडीला दिली. वस्तीतले लोक त्याला वेडा म्हणाले. मलाही तो तेव्हा येडाच वाटला होता.

आता ही वही काय, ते सांगते. खूप वर्षांपूर्वी खडीमाळची मोजणी झाली होती. कोणत्या खोलीत कोण राहतं, कधीपासून राहतं, ते गल्लीवार वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं. आता तिथे बिल्डर येणार, झोपड्यांच्या जागी इमारत होणार, आणि ज्याचं नाव त्या जुन्या वहीत त्यालाच नव्या इमारतीत घर. त्या वह्या स्कॅन करून, त्यांचा मजकूर कॉम्प्युटरवर घेऊन स्वच्छ यादी करायची, असं कंत्राट निलेशला मिळालं. मी खडीमाळ हे नाव बघितलं आणि ते काम मागून घेतलं. म्हटलं, आपली माणसं आहेत, आपल्या हातून होऊ दे. मोठी आले मी उपकार करणारी.

त्या वह्या लिहिणाऱ्या कारकुनाची एक पद्धत होती. एखादी नोंद रद्द झाली तर तो तिच्यावर काट मारायचा नाही. नोंदीच्या आधी 'रद्द आरंभ' लिहायचा आणि नोंद संपली की 'रद्द अखेर'. मधलं सगळं शाबूत, वाचता येण्यासारखं. चांगला माणूस असावा. त्यामुळे माझं काम सोपं होतं. कॉम्प्युटरला एका ओळीत सांगायचं की 'रद्द आरंभ'पासून 'रद्द अखेर'पर्यंत जे काही असेल ते उचल आणि टाकून दे. उरेल ती यादी.

यात एक गोम आहे. ही गोम मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवते, म्हणून मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. अशी आज्ञा मुळात हावरी असते. 'आरंभ' सापडला की ती पहिल्या 'अखेर'पाशी थांबत नाही. फाईलच्या टोकापर्यंत धावत जाते, आणि तिथून मागे येता येता जो सगळ्यात शेवटचा 'अखेर' सापडेल, तिथपर्यंतचं सगळं आपलं म्हणते. लग्नाच्या पंगतीत एखादा बसतो ना, वाढप्याने थांब म्हटलं तरी अख्खं पातेलं ताटात ओतून घेणारा, तशी. तिला आवर घालायचा तर एक प्रश्नचिन्ह टाकावं लागतं. ते टाकलं की ती आळशी होते, पहिला 'अखेर' दिसला की तिथेच बसकण मारते. एवढंच काम. एक बटण दाबायचं.

मी ते दाबलं नाही. नमुना म्हणून मी गल्ली नंबर तीनची फाईल घेतली होती. तिच्यात रद्द नोंद एकच. एकच आरंभ, एकच अखेर, त्यामुळे हावरं काय नि आळशी काय, उत्तर सारखंच. यादी बरोबर आली. निलेश मागे उभाच होता. झकास, म्हणाला, चालव सगळ्यांवर, आज संध्याकाळी द्यायचीय. मी चालवली. अकरा गल्ल्या, अकरा फाईली. दहा गल्ल्यांमध्ये एखादी रद्द नोंद होती, नाही तर नव्हतीच. गल्ली नंबर सातमध्ये दोन होत्या.

मावशीच्या फोननंतर जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, मी सातव्या गल्लीची मूळ फाईल उघडली. मावशीचं नाव तिथे होतं. बारा नंबर. आधी कुंडलिकची नोंद, तिच्याभोवती आरंभ आणि अखेर, कारण कुंडलिक वारला होता. लगेच खाली नवी नोंद: 'कमल कुंडलिक सोनकांबळे, मयताची पत्नी, वारस, जागेवर जाऊन खात्री केली.' मग मी पाठवलेली यादी उघडली. अकरा नंबर होता. त्याच्यानंतर थेट चोपन्न.

मूळ फाईल खाली सरकवत नेली. पुढचा 'अखेर' कुठे आहे ते मला बघायच्या आधीच कळलं होतं. खोली त्रेपन्न, भिकाजी वाघमारे, रद्द. माझ्या बापाने स्वतः जाऊन करून घेतलेली नोंद. कुंडलिकच्या मरणापासून आमच्या प्रामाणिकपणापर्यंत सगळी गल्ली साफ झाली होती.

मी ते प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुन्हा चालवून बघितलं. एका क्षणात एकेचाळीस नावं परत आली. बारा ते बावन्न. भांडखोर शेजारीण, माझ्या वर्गातल्या पोराचा बाप, शेवंतीच्या वेण्या विकणारी म्हातारी, सगळे ओळीने. डब्यातली भाजी तशीच राहिली.

निलेशला सांगितलं. तो आधी दार लावून आला. मग म्हणाला, यादी त्यांनी स्वीकारलीय, सह्या झाल्यात, आता आपण चूक झाली म्हणालो तर काळ्या यादीत जाऊ आणि इथल्या बावीस जणांच्या नोकऱ्या जातील. ज्यांचं नाव नाही ते हरकत घेतील ना, त्यासाठीच तर पंधरा दिवस देतात. मी म्हटलं, ठीक आहे, निदान स्कॅन तरी दे, मी ते पुरावा म्हणून लावते. तो म्हणाला, काम झालं की स्कॅन पुसून टाकायचे असं कंत्राटात आहे, पुसले. मी विचारलं, आणि मूळ वह्या? त्या सरकारी ऑफिसने निकाली काढल्या होत्या. आमची यादी आली, वह्या लगद्याला गेल्या.

मी त्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं. निलेशला न विचारता, माझ्या नावाने. त्यात 'संगणकीय त्रुटीमुळे' असा शब्द वापरला. खरं तर लिहायला हवं होतं, माझ्यामुळे. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. भित्री आहे मी, दुसरं काय.

हरकती घेतल्या लोकांनी. चाळीस जणांकडे आपापले कागद होते. कुणाचं जुनं रेशनकार्ड, कुणाचं मतदार यादीतलं नाव, कुणाचं स्वतःच्या नावाचं लाइटचं बिल. चपला झिजवल्या, सुट्ट्या टाकल्या, शिव्या घातल्या, पण एकेक करत ते चाळीस जण आत आले. प्रत्येकाची सुनावणी वेगळी, प्रत्येकाचा शिक्का वेगळा. एका गल्लीतले सलग एकेचाळीस लोक एकदम कसे गायब झाले, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही.

राहिली एक. मावशीचे सगळे कागद कुंडलिकच्या नावावर, आणि कुंडलिकचंही नाव यादीत नाही. तो बदनापूरजवळ गावी गेलेला असताना वारला, गावात कुणी मृत्यूची नोंद केली नाही. लग्नाचा कागद त्या काळी कुणाकडे असायचा? मावशी कुंडलिकची बायको आहे आणि त्याच्या मागे त्याच खोलीत राहते, हे सरकारच्या घरी एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. त्या कारकुनाच्या दोन ओळींत. त्या मी गिळल्या होत्या.

सुनावणीला मी मावशीबरोबर गेले. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि पिशवीत बाबासाहेबांचा लहानसा फोटो ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणाली, असू दे, कागदाला जड पडतो. तिसऱ्या मजल्यावर बाकड्यावर साडेतीन तास बसलो. तिने मला डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या खायला घातल्या आणि मी लहानपणी पोळीच्या कडा कशी टाकून द्यायचे ते शेजारच्या बाईला सांगितलं. मी मान खाली घालून कडांसकट पोळी खाल्ली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने पत्र वाचलं. मी त्याला मूळ मजकुराची फाईल दाखवली, माझ्या लॅपटॉपवर शिल्लक राहिलेली, त्यातली ती नोंद दाखवली. आरंभ, अखेर, हावरं, आळशी, सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं.

"मॅडम, या गल्लीत तुमचं घर होतं ना?"

मी हो म्हटलं.

"आणि हे काम तुम्ही मागून घेतलंत, असं तुमचे मालक म्हणतात."

त्यालाही हो म्हटलं. तो शांतपणे म्हणाला की अशी नोंद तर कुणीही टाइप करेल, तुम्ही केलीत असं मी म्हणत नाही, पण उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर मी काय दाखवू? वही आणा. स्कॅन आणा. स्कॅनची एक प्रत त्यांच्याच ऑफिसात हार्ड डिस्कवर असायला हवी होती. ती होती, कपाटात होती, त्याने मागवूनही घेतली. ती उघडत नव्हती. मी ती दुरुस्तीला बाहेर न्यायची परवानगी मागितली. सरकारी माल, बाहेर नेता येत नाही.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, साहेब बरा होता गं, आवाज चढवला नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं म्हणून मी रिक्षावाल्यावर काढला.

त्यानंतर अपील केलं. फेटाळलं. दिंडोशीच्या कोर्टाबाहेर एक वकील बाई भेटल्या, त्यांनी कागद चाळले आणि स्पष्ट सांगितलं की मूळ वही नाही तर लढायचं कशावर, वयस्कर बाईला वर्षानुवर्षं फिरवू नका. नगरसेवकाकडे गेले, संघटनेच्या लोकांकडे गेले. त्या चाळीस जणांना म्हटलं, सगळे मिळून लिहून द्या की ही बाई तुमच्यासमोर तिथे राहत आलीय. वीस जणांनी दिलं. बाकीचे नजर चुकवायला लागले. त्यांची नुकतीच आत आलेली नावं, त्यांना पुन्हा हलवाहलव नको होती. मी त्यांना दोष देत नाही. देते, पण थोडाच.

निलेशने मला महिनाभराची नोटीस दिली. त्या महिन्यात मी आणखी दोन वस्त्यांच्या याद्या केल्या, प्रश्नचिन्ह टाकून. दोन्ही बिनचूक गेल्या.

गल्ली रिकामी करायचा आठवडा आला. पात्र लोक इमारत होईपर्यंत राहायला संक्रमण शिबिरात निघाले, टेम्पो लागले, पोरं गाद्यांवर बसून चालली होती. मावशी बदनापूरला निघाली होती, पुतण्याकडे. पुतण्या या म्हणाला होता. त्याची बायको फोनवर काही बोलली नव्हती.

मी दुपारी गेले. ती भांडी पोत्यात भरत होती. मी मदतीला बसले आणि एक पातेलं हातात घेतलं, मग ते खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. संगणकीय त्रुटी वगैरे काही नाही, मावशी, माझी चूक. तिला सगळं नीट सांगितलं, पंगतीतला हावरा माणूसही सांगितला. तुझ्या नवऱ्याच्या नोंदीपासून त्याने सुरुवात केली आणि माझ्या बापाच्या नोंदीपर्यंत सगळं खाल्लं. एक खूण टाकली असती तर तो कुंडलिककाकांपाशीच थांबला असता आणि तू वाचली असतीस.

ती ऐकत होती. हातातला तांब्या तिने फडक्यात गुंडाळला.

"तुला ठाऊक होतं? तो असा हावरा असतो म्हणून?"

"होतं."

"मग?"

"घाई होती मावशी. एका गल्लीवर करून बघितलं, ते बरोबर आलं. वाटलं, सगळीकडे येईल."

मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. नाही तर जवळ घेईल, लहानपणी घ्यायची तशी. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. उठली, फळीवरून एक कागद काढला आणि चष्मा लावला. खोलीचा ताबा सोडल्याचा कागद होता तो. सकाळी सरकारी ऑफिसचा माणूस देऊन गेला होता, चार वाजता घ्यायला येणार होता. तिने माझ्याकडून पेन घेतलं, जमिनीवर बसून, पोत्यावर कागद ठेवून सही केली. 'क'ची काठी वाकडी आली.

मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"खाली साक्षीदार लागतो म्हणाला तो. तू कर."

मी पेन टेकवलं तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"आधी वाच. सगळं वाच. मग कर."

मी वाचलं. श्रीमती कमल कुंडलिक सोनकांबळे. कै. कुंडलिक सोनकांबळे यांची पत्नी. खडीमाळ, गल्ली नंबर सात, खोली नंबर बारा, येथे राहणार. नाव बरोबर होतं, नातं बरोबर होतं, नंबर बरोबर होता. मी शेवटच्या ओळीपर्यंत पुन्हा एकदा वाचलं, एकही चूक सापडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी सही केली.